पिंपळखुटे वकिलांचा दमा

"मनुष्याचे आयुष्य म्हणजे दोन श्वासांच्या मध्ये परमेश्वराने मंजूर केलेली तहकुबी होय," असे उद्धवराव पिंपळखुटे वकिलांनी अकोल्याच्या बाररूममध्ये एकदा जाहीर केले. विधान मोठेच होते. फक्त ते एका दमात झाले नाही. 'मनुष्याचे आयुष्य' चहा यायच्या आधी झाले, 'परमेश्वराने' बशीतला चहा फुंकताना झाले, आणि 'होय' येईपर्यंत कपबशा विसळून पालथ्या घालून झाल्या होत्या. ऐकणाऱ्यांपैकी दोघे मधल्या काळात आपापल्या कोर्टात जाऊन तारखा घेऊन परत आले होते. त्यांना काहीच चुकल्यासारखे वाटले नाही.

उद्धवरावांना दमा होता. कपाशीचा हंगाम सुरू होऊन जिनिंग फॅक्टऱ्या धडधडू लागल्या आणि रुईचे तंतू अकोल्याच्या हवेत तरंगू लागले, की त्यांच्या छातीत एक बाजाची पेटी उघडे. तिला सूर एकच, आणि भाता फाटका. एरवीच्या महिन्यांत ती नुसती किलकिली असे, एवढाच फरक. आता कोणत्याही धंद्यात असे दुखणे म्हणजे नुकसानच. भिक्षुकाला दमा झाला तर मंगलाष्टके अडतात, मास्तराला झाला तर पोरे मोकाट सुटतात. उद्धवरावांचे उलटे झाले. दम्याने त्यांची वकिली उभी केली.

ते असे. उलटतपासणीला उभे राहिले की ते साक्षीदाराला अर्धा प्रश्न विचारीत आणि थांबत. थांबत म्हणजे त्यांना थांबावेच लागे. "तर मग तुम्ही... त्या दिवशी..." एवढे म्हणून ते टेबलाची कड धरीत, खांदे वर जात, मानेच्या शिरा ताठत, आणि सगळे कोर्ट गप्प होई. वरचा पंखा तेवढा कुरकुरे. साक्षीदार पढवून आणलेला असे. कोणत्या प्रश्नाला काय सांगायचे ते त्याला पाठ असे. पण प्रश्नच पुरा न करता समोर नुसता उभा असलेला माणूस, ह्याला काय सांगायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसे. थोडा वेळ तो चुळबुळ करी. मग ती शांतता सोसवेना म्हणून स्वतःच बोलू लागे, आणि असा बोलू लागलेला साक्षीदार खरे ओकल्याशिवाय थांबत नसे.

बाररूमने ह्याला 'पिंपळखुट्यांचा पॉज' असे नाव दिले होते. नवशिके वकील घरी आरशासमोर त्याचा सराव करीत. एकाने तो मॅजिस्ट्रेटपुढे करून पाहिला, तर साहेबांनी "विसरलात का?" असे विचारून त्याला खाली बसवले. उद्धवरावांना दमा आहे हे सर्वांना ठाऊक होते. पण दमा हे दुखणे आणि पॉज ही कला, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, असे विद्वानांचे मत होते. खरे काय ते फक्त उद्धवरावांना माहीत होते, आणि पुढेपुढे तेही ते विसरले.

उपाय पुष्कळ झाले होते. धोत्र्याच्या पानांची विडी ओढून झाली. तिने दमा गेला नाही, पण घरातले डास गेले. पातूरकडचे एक वैदू कोजागरीच्या खिरीतून औषध देत. अट अशी, की ते घेऊन रात्रभर जागायचे. उद्धवराव तसेही वर्षभर बंगईवर उशा रचून, झोपाळ्याची कडी धरून, बसल्याबसल्या रात्र काढीत. म्हणजे औषधाची अर्धी अट ते औषधाशिवायच पाळीत होते. मग इफेड्रिनच्या गोळ्या आल्या. त्यांनी श्वास मोकळा झाला, पण हात असे कापू लागले की बँकेने त्यांची सही ओळखायला नकार दिला आणि स्वतःच्या पैशासाठी त्यांना स्वतःची ओळख पटवावी लागली. ह्या सगळ्या काळात सिंधूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागे बसून पाठ चोळीत आणि गरम पाणी आणीत. त्यांचा उल्लेख उपायांत कोणी करीत नसे.

एकसष्ट सालच्या दिवाळीत पेटी फुटायचीच बाकी राहिली. तेव्हा सिंधूबाईंनी त्यांना बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला नेले. तिथे सिंधूबाईंच्या बहिणीचा मुलगा हेमचंद्र नागपूरहून डॉक्टर होऊन नुकताच बसला होता. त्याने छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि कपाटातून पांढऱ्या, चिमुकल्या गोळ्यांची बाटली काढली.

"काका, ही गोळी चांगली आहे आणि वाईटही आहे," तो म्हणाला.

"म्हणजे दोन्ही बाजूंचा साक्षीदार," उद्धवराव म्हणाले. तीन हप्त्यांत म्हणाले.

हेमचंद्राने काही लपवले नाही. ही गोळी श्वास देईल. त्याच्या बदल्यात तोंड सुजवील, भूक वाढवील, फार दिवस घेतली तर हाडे ठिसूळ करील, रक्तातली साखरही बिघडवू शकेल. कमीत कमी किती पुरते ते आपण हळूहळू शोधून काढू. "एक मात्र ध्यानात ठेवा. मनाने बंद करायची नाही. विहिरीत उतरलेला माणूस पायरी पायरीनं वर येतो ना, तसं हिच्यातून यायचं. एकदम सोडली तर जीवावर येतं."

परतीच्या गाडीत उद्धवरावांनी खटला चालवला. वादी छाती, प्रतिवादी गोळी. त्यांनी मुद्दे काढले. वादीला श्वासाचा हक्क आहे काय? आहे. प्रतिवादीपासून चेहऱ्याचे नुकसान संभवते काय? संभवते. चेहरा ही मौल्यवान मालमत्ता आहे काय? ह्या मुद्द्यावर त्यांनी खिडकीच्या काचेत पाहिले आणि नकारार्थी निष्कर्ष काढला. हाडे? हाडांचा प्रश्न पुढच्या तारखेला. मूर्तिजापूर यायच्या आत निकाल गोळीच्या बाजूने लागला. समोरच्या बाकावर सिंधूबाई पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या.

गोळीने शब्द पाळला. छातीतली पेटी बंद झाली. उद्धवराव कोर्टाचा जिना न थांबता चढले आणि वर गेल्यावर सवयीने कठडा धरून उभे राहिले. मग उभे राहायचे काही कारण उरले नाही हे लक्षात येऊन ओशाळले. घरी ते माणसासारखे पाठ टेकून झोपू लागले. सिंधूबाई धामणगावला बहिणीकडे जाऊन राहून आल्या. लग्न झाल्यापासून असे त्यांनी केले नव्हते. आल्यावर एकदा त्या स्वयंपाकघरात गुणगुणताना सापडल्या. काय झाले, असे उद्धवरावांनी काळजीने विचारले. काही नाही, म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

गोळीने वाईटाचाही शब्द पाळला. इतकी वर्षे उद्धवरावांचा चेहरा कायद्याच्या चिंतेने झिजल्यासारखा दिसे. त्याजागी आता मिठाईच्या दुकानाच्या मालकाचा चेहरा आला. गाल डोळ्यांपर्यंत चढले. भूक अशी लागे की युक्तिवाद चालू असताना त्यांना मधूनच थालीपीठ आठवे. पण खरा खर्च ह्यातला कुठलाच नव्हता. खरा खर्च कोर्टात निघाला.

त्यांचे प्रश्न आता पुरे होऊ लागले. "तर मग तुम्ही त्या दिवशी बैलगाडीने बाजारात गेला होता की नव्हता?" असा अख्खा, गुळगुळीत प्रश्न ते एका श्वासात विचारीत, आणि साक्षीदाराला तरी दुसरे काय हवे असते? तो म्हणे, गेलो होतो. किंवा, नाही. किंवा, आठवत नाही. आणि पुढच्या प्रश्नाची आनंदाने वाट पाही. एक खटला गेला. मग दुसरा गेला. मग जिंकून ठेवल्यासारखा असलेला तिसरा गेला. बाररूममध्ये म्हणू लागले, पिंपळखुटे सुखावले.

त्यांनी पॉज मुद्दाम घेऊन पाहिला. अर्धा प्रश्न टाकला, टेबलाची कड धरली, खांदे वर नेले. साक्षीदाराने खांदे सैल सोडले आणि कानात करंगळी घातली. दोघे बराच वेळ तसे उभे राहिले. शेवटी मॅजिस्ट्रेट म्हणाले, "पुढे?"

त्या संध्याकाळी बंगईवर बसल्याबसल्या उद्धवरावांना आपल्या कलेचे मर्म कळले. साक्षीदार शांततेला भीत नव्हता. समोरचा माणूस आपल्या खोटेपणापायी शेवटचा श्वास खर्च करतोय, हे त्याला पाहवत नव्हते. मरणारा माणूस समोर असल्याशिवाय तो पॉज होत नाही, आणि नुसत्या थांबण्याला कोर्टात काही किंमत नाही.

अशातच गोवर्धनची केस आली. गोवर्धन हा पातूरचा, भाजीपाला पिकवणारा माणूस. शेजारच्या पाटलाची कडब्याची गंजी त्याने पेटवली असा त्याच्यावर आरोप होता. साक्षीदार एकच, पाटलाच्या मळ्याचा राखणदार डोमाजी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, असे तो सांगत होता. गोवर्धनची आई पार्बताबाई वांग्यांची टोपली घेऊन वकिलांच्या घरी आली. ओसरीवर बसलेल्या गोल चेहऱ्याच्या गृहस्थांकडे तिने एकदा पाहिले आणि सिंधूबाईंना विचारले, "मोठे वकील घरी नाई का?"

हेच ते, असे सांगितल्यावर तिने पुन्हा नीट पाहिले.

"माह्या दिरानं तं सांगतलं होतं का वकील वाळेल हाय मनून." मग जे आहे त्यात भागवावे अशा आवाजात ती पुढे म्हणाली, "वकीलसाहेब, तुमी लय बोलू नोका. माह्या दिराची बैलाची केस तुमीच चालवली ना? त्यानं सांगतलं, वकील बोलतच नाई. निस्ता उभा राह्यते, अन् साक्षीदाराच्या पोटातलं आपोआप भायेर येते. तसंच उभं राहा. पोट्टा जेलात गेला तं मी एकटी काय करू?"

ती गेल्यावर उद्धवरावांनी पुन्हा खटला चालवला. ह्या खेपेला तो फार लवकर संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी तोंडात घातली, परसात गेले, आणि अळूच्या वाफ्यात थुंकली. मग रोज. सुनावणीला पंधरवडा होता. आधी अंगातले त्राण गेले. धोतराचा काष्टा खोवतानाही हात गळू लागले. मग एका पहाटे छातीत बारीक शीळ वाजली. जुना, मोठा अशील बऱ्याच वर्षांनी दारात आल्यावर व्हावा तसा त्यांना आनंद झाला.

सिंधूबाईंना ती शीळ स्वयंपाकघरात ऐकू आली. त्यांनी त्या दिवशी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी अळू खुडायला गेल्या, त्या रिकाम्या हाताने परत आल्या आणि बंगईसमोर उभ्या राहिल्या.

"गोळी घेता ना?"

"घेतो."

"वाफ्यात सापडल्या मला."

उद्धवरावांनी समजूत घातली. हा भावनेचा प्रश्न नाही, तोलून पाहण्याचा आहे. एका पारड्यात आपला श्वास, तोही थोड्या दिवसांपुरता. दुसऱ्या पारड्यात एका गरीब माणसाची सुटका. केस झाली की गोळी पुन्हा सुरू.

"तोलून तर तुम्ही अमरावतीहून येतानाही पाहिलं होतं," सिंधूबाई म्हणाल्या. "गाडीत. वादी काय, प्रतिवादी काय. पुटपुटत होता, सगळं ऐकू येत होतं. मी समोरच बसले होते."

"मग?"

"मला नाही बोलावलं साक्षीला."

उद्धवराव थांबले. अगदी खरे थांबले. पण ती शांतता भरायला सिंधूबाई उभ्या राहिल्या नाहीत, आत निघून गेल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन समोर येत आणि गिळेपर्यंत हलत नसत. उद्धवराव गोळी गालात ठेवून पाणी पीत. गोळीनेच फुगवलेला तो गाल. त्यात जागेला तोटा नव्हता.

सुनावणीच्या दिवशी ते टांग्यातून कोर्टात आले आणि जिना कठडा धरून चढले. बाररूमच्या दारातून एकदोघांनी ते पाहिले आणि आत वर्दी दिली. पुकारा झाला तेव्हा मागचे बाक वकिलांनी भरले होते.

डोमाजी पिंजऱ्यात उभा होता. काळा, काटक, धुतलेला सदरा घातलेला.

"डोमाजी, तू... त्या दिवशी... गंजीपासून..."

आणि पॉज आला. इतक्या वर्षांत आला नव्हता असा आला. उद्धवरावांना वाटले, आता श्वास येईल. तो आला नाही. छातीचे दार कोणीतरी बाहेरून लावून घेतले होते. टेबलाची कड हातात होती, पण हात आपला वाटत नव्हता. मॅजिस्ट्रेटनी टाक खाली ठेवला. सरकारी वकील खुर्चीला टेकून बसले. आता काय होणार ते त्यांना पूर्वीच्या अनुभवाने माहीत होते. मागच्या बाकावर एक जण शेजाऱ्याला कोपराने ढोसून हळूच म्हणाला, "बघून घे, पुन्हा मिळायचं नाही."

सगळे कोर्ट ती कला पाहत होते. ओठ निळे पडत चाललेत हे फक्त डोमाजीला दिसले.

"साहेब," डोमाजी म्हणाला, "हा मानूस मरून राह्यला."

"प्रश्नाचं उत्तर दे," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

डोमाजीने एकदा साहेबांकडे पाहिले, एकदा उद्धवरावांकडे, एकदा मागे बसलेल्या पाटलाकडे. मग हात जोडले. "मी नाई पाह्यलं जी. मी त्या दिवशी मळ्यातच नोयतो, पावन्याच्या घरी गेलो होतो. पाटलानं जसं सांगतलं तसं मी सांगतलं. मले जेलात टाका. पन याले पयले पानी पाजा ना."

मॅजिस्ट्रेटनी पहिली चार वाक्ये नोंदवून घेतली, वाचून दाखवली, खाली डोमाजीचा अंगठा घेतला, आणि मग पाणी मागवले. तोपर्यंत उद्धवराव टेबलाखाली गेले होते.

दवाखान्यात त्यांच्या नाकाला नळी लावली, शिरेत सुई घातली. हेमचंद्र अमरावतीहून मिळेल त्या गाडीने आला. तो रागावला नाही, आणि तेच उद्धवरावांना जास्त लागले. धोका टळल्यावर त्याने एवढेच सांगितले, की गोळी आता पहिल्यापेक्षा जास्त लागेल, कमी होईलच असे नाही, आणि कोर्टात उभे राहणे संपले. मग तो व्हरांड्यात जाऊन मावशीशी पुष्कळ वेळ बोलत राहिला. काचेतून सिंधूबाईंचे डोके हलताना दिसत होते, हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नव्हते.

बाररूमची मंडळी आली. कॉटभोवती उभी राहिली. असा पॉज अकोल्यातच काय, नागपूरच्या हायकोर्टातही झाला नसेल, असे ठरले. एका तरुण वकिलाने टेबलाची कड नेमकी कोणत्या हाताने धरली होती ते विचारले. उद्धवरावांनी डोळे मिटून घेतले, त्याचाही नम्रता असा अर्थ काढण्यात आला.

मग पार्बताबाई आली, वांगी घेऊन. गोवर्धन सुटला होता. पोट्टा सुधारला, ती सांगत होती, आता कोणाच्या वाटे जात नाही, गंजी पेटवली तेव्हापासून जेवण जात नव्हते त्याला, आता दोन भाकरी खातो.

"त्यानं पेटवली?" उद्धवरावांनी विचारले.

"मंग कोनं?" पार्बताबाई म्हणाली. "पन डोमाजीनं पाह्यलं तं नोयतं ना."

कायद्याच्या दृष्टीने तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. तिने वांगी कॉटखाली सारली, पाया पडली, आणि पातूरच्या एसटीला उशीर होतो म्हणून निघाली.

दुपार झाली. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा घरी गेला होता, गादी गुंडाळून ठेवली होती. सिंधूबाई कॉटला लागून लोखंडी स्टुलावर बसल्या होत्या. आणल्या दिवसापासून त्या तिथेच होत्या. त्या काही बोलत नव्हत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या, रडलेल्या दिसत नव्हत्या. नुसत्या उद्धवरावांच्या छातीवरच्या चादरीकडे पाहत होत्या, ती वर जाते आणि खाली येते तिकडे. बाहेर कोणीतरी बादली सरकवली. पुन्हा सामसूम.

उद्धवरावांनी थोडा वेळ काढला. चादरीची कड चिमटीत धरली, सोडली.

"ते गोवर्धनसाठी नव्हतं," ते म्हणाले.

सिंधूबाई गप्प.

"सगळे गप्प होतात ना... कोर्टात... माझ्याकडे पाहत. ते गेलं होतं. ते मला परत हवं होतं."

सिंधूबाई गप्प.

"गाडीत तुला विचारायला हवं होतं. तू काय म्हणशील ते माहीत होतं. पहिल्यांदाही, नंतरही. म्हणूनच नाही विचारलं." श्वास पुरेना. ते थांबले, आणि थांबून झाल्यावर आणखी बोलले. "वाफ्यात सापडल्यावरही नाही गिळल्या. तुझ्यासमोर गालात ठेवत होतो."

आता सांगण्यासारखे काही उरले नव्हते. डोमाजीला पिंजऱ्यात कसे वाटले असेल ते त्यांना कळले. त्यांनी उशीवर मान टाकली आणि निकालाची वाट पाहिली.

सिंधूबाईंनी पदर कमरेला खोचला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर तशाच वाकून राहिल्या. मग कॉटच्या कडेला आल्या.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता पाय जरा तिकडे घ्या. मला थोडं आडवं व्हायचंय."